डाकोटाचा हिशेब

१७ सप्टेंबरच्या भाषणांचा क्रम आता सगळ्यांना पाठ झाला आहे. रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरचे कॅम्प, उमरीची बँक, स्वामी रामानंद तीर्थ, सरदार पटेल, आणि तिथून थेट सिंचनाचा अनुशेष. सकाळी सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजारोहण होते, मुख्यमंत्री चार-दोन घोषणा करतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत मुक्तिसंग्राम पुन्हा वर्षभरासाठी कपाटात जातो. अमृतमहोत्सवही असाच पार पडला. या क्रमात कधीच न येणारी एक गोष्ट यंदा आम्ही मुद्दाम पुढे आणत आहोत. निजामाच्या राज्यात सरकारी भांडवलाची एक विमान कंपनी होती. नाव डेक्कन एअरवेज. ज्या तिजोरीतून ती उभी राहिली, त्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांचा शेतसारा जात होता. हैदराबाद संस्थानाचे जिल्हे सोळा, त्यांतले पाच आपले. १९५३ साली ही कंपनी संपली. तिच्या जमाखर्चात आपलाही वाटा होता, हे सांगायला मराठवाड्यातून कोणी उठले नाही.

विमान हा बड्यांचा विषय, त्याचा औरंगाबादला लागून असलेल्या हर्सूलसारख्या गावाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. हर्सूल म्हटले की राज्याला मध्यवर्ती कारागृह आठवते, शहराला तलाव आठवतो, आणि परगावच्या पाहुण्याला अजिंठ्याकडे वळणारा जळगाव रस्ता. चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारी विमाने इथून दिसली तरी त्यांतला प्रवासी आपला नसतो, अशीच सर्वसाधारण समजूत. हजला जाणाऱ्यांचा अपवाद. चिकलठाण्याहून जिद्देला खास विमाने सुटू लागली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा विमानतळ पाहणारी कितीतरी कुटुंबे फुलांचे हार घेऊन तिथे उभी असायची. पण करदात्याचा विमानाशी संबंध तिकीट काढल्यावर सुरू होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि हैदराबाद संस्थानात तो फारच लवकर सुरू झाला.

निजाम सरकारला वाहतुकीचा धंदा नवा नव्हता. ब्रिटिश कंपनीच्या हातातली रेल्वे सरकारने १९३० साली विकत घेतली. दोनच वर्षांनी, जून १९३२ मध्ये, त्याच रेल्वेखात्याने २७ बस आणि १६६ माणसे घेऊन मोटार वाहतूक चालू केली. रेल्वे आणि बस एकाच सरकारी खात्याने चालवावी, ही त्या काळात हिंदुस्थानात नवलाई होती. मग विमान आले. हैदराबादच्या बेगमपेठेला धावपट्टी होती, तरुण वैमानिक होते, आणि महायुद्ध संपता संपता पैसाही होता. १९४५ साली कंपनी स्थापन झाली. मोठा हिस्सा निजाम सरकारचा, दुसरा भागीदार टाटांची विमान कंपनी. १९४६ मध्ये उड्डाणे सुरू झाली. त्याच वर्षीच्या जुलैत टाटा एअरलाइन्सने एअर इंडिया हे नाव घेतले, म्हणजे या दोन कंपन्या जवळपास एकाच वेळी बाळसे धरत होत्या.

मीर उस्मान अली खान १९३७ साली ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकले होते, आणि त्यांच्या चिकटपणाच्या कहाण्या मराठवाड्यात अजूनही चवीने सांगितल्या जातात. त्यामुळे विमान कंपनी म्हणजे नवाबी शौक, असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. पण संस्थानात राजाची खासगी जहागीर, म्हणजे सर्फ-ए-खास, आणि सरकारचा दिवाणी महसूल ही दोन खाती वेगळी होती. डेक्कन एअरवेजमधला हिस्सा सरकारचा होता. शौक असेल तर तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या पैशाने केलेला होता.

कंपनीचे विमान होते डाकोटा. दोन इंजिने, बसकी शेपटी, जमिनीवर असताना नाक आभाळाकडे, आत वीस-पंचवीस माणसांची सोय. युद्धासाठी अमेरिकेने ती हजारोंनी बनवली होती आणि युद्ध संपताच त्यातली शेकडो हिंदुस्थानातल्या तळांवर बेवारशासारखी उभी होती. ती कवडीमोलाने विकली गेली. लष्करी डाकोटाचे प्रवासी विमान करून देण्याचे मोठे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात चाले. हा कारखाना १९४० साली म्हैसूर सरकारच्या मदतीने काढला होता सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. इकडे सोलापूरच्या माणसाचा कारखाना, तिकडे सोलापूरला खेटून असलेल्या संस्थानाची विमान कंपनी. त्यांच्यामधली सरहद्द ओलांडायला सामान्य माणसाला मात्र करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे.

स्वस्त विमान मिळाले की विमान कंपनी काढता येते, असा समज त्या दोन-तीन वर्षांत जगभर पसरला होता. फ्रान्समध्ये १९४६ साली एगल अझूर नावाची कंपनी अशाच डाकोटांवर उभी राहिली आणि इंडोचीनच्या युद्धात फ्रेंच लष्कराची भाडोत्री वाहतूक करून तगली. ते नाव पुढे बंद पडले, पुन्हा उगवले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीत कायमचे विझले. आपल्याकडे परवान्यांची खिरापत वाटली गेली. अंबिका, ज्युपिटर, इंडियन ओव्हरसीज ही नावे आज जुन्या टपाल तिकिटांचे आणि लिफाफ्यांचे छंदीच सांगू शकतील. त्या दोन-तीन वर्षांत आल्या आणि गेल्या. डेक्कन एअरवेज टिकली, कारण तिच्यामागे एक सरकार होते. पण ते सरकारच टिकणार की नाही, हा प्रश्न १५ ऑगस्ट १९४७ ला उभा राहिला.

इथून पुढची कथा मुक्तिसंग्रामाची आहे आणि आश्चर्य म्हणजे तिच्यात जागोजागी विमान आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट घ्या. निजामाने जैसे थे कराराला संमती दिली होती आणि त्याचे शिष्टमंडळ सकाळी विमानाने दिल्लीला निघणार होते. छतारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि निजामाचे इंग्रज कायदेपंडित वॉल्टर मॉन्क्टन. पहाटे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या हजारोंच्या जमावाने या तिघांच्या घरांना वेढा घातला. हेतू एकच, यांना विमानतळावर पोहोचू द्यायचे नाही. शिष्टमंडळ गेले नाही, छतारींचे पंतप्रधानपद गेले, आणि हैदराबादची सूत्रे कासिम रझवीला हवी तशी फिरली. हा रझवी रझाकारांचा नेता, लातूरचा वकील. संस्थानाचे भवितव्य ठरवणारा तो दिवस एक विमान न सुटल्याने ठरला. त्याच दिवशी, त्याच सकाळी, दिल्लीहून हवाई दलाच्या आणि खासगी कंपन्यांच्या डाकोटा शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरत होत्या. एका संस्थानात विमान पोहोचले आणि दुसऱ्यात निघू शकले नाही. या दोन घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन वेगळ्या धड्यांत असतात. त्या एकाच पानावर असायला हव्यात.

करार अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झाला आणि दोन्ही बाजूंनी तो वेळ काढण्यासाठी वापरला. नवे पंतप्रधान मीर लायक अली यांना शस्त्रे हवी होती. भारताने जमिनीवरून नाकेबंदी केली होती, समुद्र संस्थानाला नव्हताच. उरले आकाश. इथे सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस रंगमंचावर येतो. युद्धापूर्वी ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी जर्मनीची हवाई छायाचित्रे चोरून काढणारा, स्वतःच्या नावाचा वैमानिकी पोशाख रूढ करणारा, धाडसी आणि पैशाचा लोभी. त्याने लँकेस्ट्रियन विमाने मिळवली. लँकेस्टर या बाँबफेकी विमानाला थोडे माणसाळवून केलेले हे रूप. १९४८ च्या उन्हाळ्यापासून ही विमाने कराचीहून रात्री उठत, भारताच्या हद्दीवरून बेकायदा उडत आणि बिदर, वरंगळ, हकीमपेठ इथे शस्त्रांच्या पेट्या उतरवत.

भाड्याने विमान घेऊन माल पोहोचवणे, ज्याला आज आपण चार्टर म्हणतो, त्याचा संस्थानातला हा सर्वांत मोठा प्रयोग. आणि तो कुठे चालला होता? बिदरला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यातले. रझाकारांच्या धाडींनी जो मुलूख सर्वांत जास्त होरपळला, त्याच्या शेजारच्या धावपट्टीवर ही विमाने उतरत होती. गावातल्या माणसाला आकाशातला आवाज आणि दुसऱ्या दिवशीची धाड यांचा संबंध कळत नसेल, पण तो होता. पुढे लंडनच्या न्यायालयाने कॉटनला २०० पौंड दंड केला. एका लढाईला शस्त्रे पुरवल्याची किंमत २०० पौंड! रझाकारांनी जाळलेल्या घरांची किंमत कोणत्या न्यायालयाने ठरवली, ते वाचकांनी शोधावे.

भारतीय फौजांपुढे या शस्त्रांचा उपयोग झाला नाही, हे खरे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी आधी धावपट्ट्याच निकामी केल्या, कारण कॉटनची विमाने कुठे उतरतात हे दिल्लीला ठाऊक होते. औरंगाबाद १४ तारखेलाच शरण आले. जालन्याला मात्र चांगली झुंज झाली. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. लायक अली नजरकैदेत गेले आणि मार्च १९५० मध्ये तिथून निसटले. कसे? मुंबईहून साध्या प्रवासी विमानाने, कराचीला. नाकेबंदीपासून पलायनापर्यंतच्या या सबंध कथेत विमान कोणाच्या बाजूचे होते, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. ज्याच्या हातात तिकीट, त्याच्या.

डेक्कन एअरवेजचे काय झाले? ती चालू राहिली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले, निजाम पुढे राजप्रमुख झाले, कारभार बदलला, पण बेगमपेठेहून डाकोटा उडत राहिल्या. संस्थानातल्या अनेक संस्थांचे असेच झाले. रेल्वे भारतीय रेल्वेत गेली. निजामाच्या डेक्कन रेडिओचे औरंगाबाद केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीकडे गेले आणि काही वर्षांतच बंद पडले. मराठवाड्याला स्वतःचा आवाज पुन्हा मिळाला तो परभणी केंद्राच्या रूपाने, मधली वर्षे रिकामीच. मुक्तीनंतर आपल्याकडे काय आले याची यादी आपण करतो, मुक्तीनंतर आपल्याकडून काय गेले याची करत नाही. केली तर निजामधार्जिणे ठरू, अशी भीती असावी. ही भीती आता सोडायला हरकत नाही.

याच सुमारास डेक्कन एअरवेजने तिचे सर्वांत लक्षात राहावे असे काम केले. अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबमधून १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवलेली एक स्त्री नोकरी शोधत होती, प्रेम माथुर. कंपन्यांमागून कंपन्यांनी तिला नकार दिला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसतील का, हा सगळ्यांचा प्रश्न. डेक्कन एअरवेजने तिला घेतले. भारतातली पहिली व्यावसायिक स्त्री वैमानिक बेगमपेठेच्या या कंपनीत सहवैमानिक झाली. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत तिने जिंकली. मात्र विमानाची पूर्ण सूत्रे, कमांडरची जागा, कंपनीने तिला दिली नाही, आणि ती घनश्यामदास बिर्लांच्या खासगी विमानाची वैमानिक म्हणून निघून गेली. नंतर ती इंडियन एअरलाइन्समध्ये आली. म्हणजे दार उघडण्याचे श्रेय कंपनीला द्यायचे आणि अर्धेच उघडल्याचा दोषही तिच्याच नावावर लिहायचा. आज भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगात वरच्या श्रेणीत आहे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या मालिकेतली पहिली नोकरी हैदराबाद सरकारच्या भांडवलातून निघाली होती, हे मात्र सांगत नाही.

त्याच काळातली दुसरी गोष्ट टपालाची. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून संध्याकाळनंतर डाकोटा निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत विमाने परत. सुरुवात इंडियन ओव्हरसीजने केली, ती बुडाली, मग हिमालयन एव्हिएशनने धरली. १ एप्रिल १९४९ पासून टपालखात्याने साधी पत्रे जादा दर न लावता विमानाने न्यायला सुरुवात केली. नकाशावर मुंबई आणि नागपूर यांच्यावर पट्टी ठेवून पाहा. ती रेघ आपल्या शहराच्या, नेमके म्हणायचे तर हर्सूलच्याच माथ्यावरून जाते. आज समृद्धी महामार्गही पलीकडे सावंगीजवळून याच दिशेने जातो. ज्यांनी विमानाची पायरी कधी पाहिली नाही, त्यांच्या मुलाच्या दूरच्या शहरातून आलेल्या पत्राने किंवा मनिऑर्डरीने तो प्रवास केला असेल. विमान सामान्य माणसाच्या उपयोगी पडल्याचा आमच्या मते हा पहिला खरा प्रसंग, आणि त्यासाठी कोणी फीत कापली नव्हती. रात्रीच्या उड्डाणांना साधने अपुरी, डाकोटा जुन्या, हवामानाचा अंदाज तोकडा. अपघात होत. डेक्कन एअरवेजचीही एक डाकोटा २१ नोव्हेंबर १९५१ रोजी कलकत्त्याला दमदमजवळ कोसळली.

तोवर बहुतेक कंपन्या कर्जात होत्या. पेट्रोल महाग, विमाने जास्त, प्रवासी कमी, आणि एकाच मार्गावर दोन-दोन कंपन्या. सरकारने १९५० साली चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. पत्रकारांना हे नाव पहिल्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष म्हणून ठाऊक असते, विमानांशी त्यांचा संबंध होता हे फारसे कोणी सांगत नाही. समितीने कंपन्यांची गर्दी कमी करून त्या चारच ठेवाव्यात, असा सल्ला दिला. त्या चारांची ठाणी कुठे असावीत? मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि हैदराबाद. म्हणजे देशातल्या चारपैकी एक विमान केंद्र हैदराबादला राहावे, एवढी डेक्कन एअरवेजची पत होती. सरकारने मात्र सल्ल्याच्या पुढची उडी मारली. दळणवळणमंत्री जगजीवनराम यांनी कायदा आणला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. एअर इंडियाची देशांतर्गत सेवा, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, भारत, हिमालयन, कलिंग, एअरवेज इंडिया, इंडियन नॅशनल आणि डेक्कन. नव्या महामंडळाच्या पदरी ९९ विमाने आली, त्यांतली ७४ डाकोटाच. जे. आर. डी. टाटांना हे पसंत नव्हते आणि त्यांनी ते लपवले नाही. हैदराबादच्या कंपनीसाठी मात्र कोणी हळहळले नाही. तिची मालकी एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे गेली, एवढेच.

तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, संस्थानाचेही तुकडे झाले. तेलंगणाचे जिल्हे आंध्रात, तीन जिल्हे म्हैसूरला, पाच मुंबई राज्यात. वाटणीत इमारती, कर्मचारी, फायली, बस, सगळ्यांचे हिस्से पडले. विमान कंपनी आधीच दिल्लीच्या पोटात गेलेली. मराठवाड्याला त्यातले काही मिळाले नाही आणि आपण मागितलेही नाही. तेलंगणातल्या लोकांना ती कंपनी आपली वाटते, कारण बेगमपेठ त्यांच्या शहरात आहे. आपल्याला ती परकी वाटते, कारण निजाम परका. या दोन भावनांत एक साधी वस्तुस्थिती हरवली. ती कंपनी सोळा जिल्ह्यांची होती.

आम्हाला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. जुलमी राजवट गेली याचा अर्थ तिच्या जमाखर्चाची वही जाळून टाकावी, असा होत नाही. उलट वही उघडून पाहण्याचा अधिकार मिळाला, म्हणूनच ती मुक्ती. ज्यांच्या सारावसुलीच्या कहाण्या आपण दर सप्टेंबरात सांगतो, त्यांचा पैसा कुठे कुठे लागला हे विचारले तर उस्मानिया विद्यापीठ निघेल, मनमाडहून निघून आपल्या शहरातून काचीगुड्याकडे जाणारी मीटरगेज निघेल, डेक्कन एअरवेज निघेल. त्यातले काय आपल्याला मिळाले आणि काय फक्त आपल्या डोक्यावरून गेले, हा खरा अनुशेष आहे. सिंचनाच्या अनुशेषाचे आकडे आपण मागतो कारण ते चालू आहेत. जुने आकडे मागायची सवय नसल्यामुळेच बहुधा चालू आकडेही उशिरा कळतात.

याचा पुरावा फार लांब नाही. १९५३ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना नियमित विमानसेवेची बंदी होती, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट यांना ‘एअर टॅक्सी’ असे नाव घेऊन यावे लागले. वेळापत्रक असूनही कागदोपत्री ती भाड्याची गाडीच. मार्च १९९४ मध्ये बंदी उठली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातल्या बहुतेक कंपन्यांची नावे पुसली गेली, आणि जेटचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उतरले. चिकलठाण्याला त्याचा फटका बसला तेव्हा आपण दोन-चार महिने ओरड केली. मग हैदराबादच्या ट्रूजेटकडे आशेने पाहिले. जुन्या राजधानीशी औरंगाबादला आणि नांदेडला जोडणारी ही कंपनी. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणे सुरू केली, त्यात नांदेड-हैदराबाद हे ट्रूजेटचे विमान होते. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेटही थांबली.

‘उडान’मध्ये कंपनीला होणारा तोटा काही काळ सरकार भरून देते. त्या रकमेचा बहुतेक भाग मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या अधिभारातून येतो आणि पाचवा वाटा राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे पुन्हा आपल्याच. पुन्हा जिच्या नफ्या-तोट्यावर आपला काडीचा ताबा नाही, अशी कंपनी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात या योजनेचा ताळेबंद मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांचा सवलतीचा काळ पूर्ण केला ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर तग धरून राहिले ५४. हा अहवाल संसदेत ठेवला गेला, दोन दिवस छापून आला, संपले. लातूर, उस्मानाबाद, नांदेड ही विमानतळे २००९ साली एका खासगी उद्योगसमूहाकडे भाडेपट्ट्याने दिली होती. त्यातून पुढे काय झाले, हे मुक्तिदिनाच्या एकाही भाषणात आम्ही ऐकलेले नाही. अजिंठ्याला जगभरचा माणूस यावा म्हणून विमान हवे, उद्योगाला हवे, रुग्णाला हवे, हे सगळे मान्य. पण विमान आणताना घोषणा होते आणि विमान जाताना सूचनाफलकही लागत नाही. ही रीत निजामाने घालून दिली नव्हती, ती आपली स्वतःची आहे.

म्हणून यंदा मागणी घोषणेची नाही. हैदराबादला तारनाक्याला तेलंगणाचे राज्य पुराभिलेखागार आहे. संस्थानाच्या अर्थखात्याच्या आणि रेल्वेच्या फायली तिथे पाहाव्यात, डेक्कन एअरवेजसंबंधीच्या कागदांच्या प्रती काढाव्यात आणि त्या इथल्या पुराभिलेख कार्यालयात ठेवाव्यात. दोन राज्य सरकारांनी एकमेकांना एक पत्र लिहिले की होणारे काम आहे. शहरात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाची संशोधन संस्था आहे, विद्यापीठात इतिहास विभाग आहे. पीएच.डी.च्या विषयांची चणचण असल्याचे अधूनमधून कानावर येते, तिथे हा एक विषय देऊन पाहावा. उर्दू आणि इंग्रजी दोन्ही वाचणारा विद्यार्थी लागेल, तो मराठवाड्यात अजून मिळतो.

त्याच्या जोडीला ‘उडान’चेही कागद मागवावेत. मराठवाड्यातल्या प्रत्येक मार्गावर राज्याच्या तिजोरीतून किती गेले, कोणत्या तारखेपर्यंत, आणि शेवटचे विमान कधी उडाले. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. ध्वजारोहणाला जमणाऱ्या लोकप्रतिनिधींपैकी एकाने तरी तो या आठवड्यात करावा आणि उत्तर पुढच्या १७ सप्टेंबरच्या आत छापायला द्यावे. जागा आम्ही राखून ठेवतो.